वाचकांचे रंगप्रश्न : दोन बिस्किटी रंगांतला कोणता लावू?

प्रश्न : काका, नमस्कार. जुळे सोलापुरात आमचं जुनं रो-हाऊस आहे. हॉल १२ बाय १४, उंची १० फूट. खाली पॉलिशची कोटा फरशी आहे, ती बदलणार नाही. सासऱ्यांनी करून घेतलेला सागवानी दिवाण आणि शोकेसही तिथंच राहणार. भिंतींना सध्या फिकट पिस्ता आहे, तो आता सगळ्यांना नकोसा झालाय. बिस्किट कलर लावायचं ठरलं आणि शेडकार्डावरचे दोन निवडून आणले. पहिल्यात किंचित गुलाबी झाक आहे असं मला वाटतं. दुसरा जरा पिवळट आहे, ह्यांच्या मते हिरवट. हे म्हणतात पहिला, मी म्हणते दुसरा. सासूबाई म्हणतात दोन्ही एकच आहेत, कशाला वेळ घालवता. पेंटरही तेच म्हणतो. कार्डाच्या मागे आकडे आहेत, पहिल्याला ६२ आणि दुसऱ्याला ६५, त्यांचा अर्थ काय? खिडकी उत्तरेला, दार पश्चिमेला, रात्री पांढरी ट्यूब. मुलीच्या साखरपुड्याआधी काम उरकायचंय. छताला काय लावू, तेही सांगा.
— एक वाचक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, दुसरा लावा. आणि त्याबरोबर ती पांढरी ट्यूब बदला. ही दोन कामं एकत्र झाली तरच हॉल मनासारखा दिसेल.

सासूबाईंना दोन्ही एकच दिसतात यात नवल नाही. शेडकार्डावरच्या दोन बोटं रुंद तुकड्यात कुणालाही तसंच दिसेल. खरा फरक भिंतीवर गेल्यावर उघडा पडतो, कारण खोलीतल्या भिंती एकमेकींकडे तोंड करून उभ्या असतात. एकीवरचा उजेड दुसरीवर जातो, तिथून तिसरीवर, आणि प्रत्येक वेळी त्या रंगाची झाक सोबत नेतो. कार्डावर जेमतेम जाणवणारी गुलाबी झाक चारही भिंतींना लागली की खोली चक्क गुलाबी दिसायला लागते. पिवळट झाकेचंही तेच. म्हणून फिकट रंग निवडताना कोणता जास्त छान, हा प्रश्न मागाहून. आधी बघायचं की रंग कुठल्या बाजूला मारतो.

माझी सगळी नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या सूतरंगाईत झाली. टॉवेलच्या सुतात लाल-निळ्या रंगांनी आम्हाला फारसं छळलं नाही. छळलं ते क्रीम, बिस्किट, फॉन असल्या रंगांनी. गडद लालमध्ये पिवळा थोडा इकडेतिकडे झाला तरी गिऱ्हाईक ते लाल म्हणून घेतं. बिस्किटात लाल चिमूटभर जास्त गेला की अख्खी लडी गुलाबी होते आणि माल परत येतो. शेड पास करताना आमच्या तोंडी एवढंच असायचं : 'लाल मारतोय', 'हिरवा मारतोय'. तुम्ही दोघांनी नेमकं तेच पाहिलंय. तुम्हाला पहिल्यातला लाल दिसला, ह्यांना दुसऱ्यातला हिरवा दिसला. दोघांचीही नजर बरोबर आहे.

खात्री करायची असेल तर दोन्ही तुकडे शेडकार्डातून कापून घ्या. पट्टीवरचे शेजारचे रंग नजर भरकटवतात. झेरॉक्सच्या कोऱ्या कागदावर दोन्ही ठेवा आणि दिवसा, खिडकीजवळ पण थेट उन्हात नाही, असे बघा. या कागदात निळसर चमक देणारं द्रव्य असतं, त्यामुळे त्यावर सगळेच बिस्किटी रंग मूळच्यापेक्षा थोडे पिवळे दिसतात. पण कागद दोघांनाही सारखंच फसवतो, म्हणून तुलनेला चालतो. पहिल्यातली गुलाबी झाक तिथंच दिसेल.

आता ते तुकडे कागदावरून उचला आणि फरशीवर उभे धरा. माझं उत्तर या फरशीवरच ठरलंय.

कोटा म्हणजे राजस्थानातून येणारा चुनखडीचा दगड. पॉलिश झाला की त्यातला हिरवट-करडा रंग वर येतो, आणि घरात वापरून वापरून तो आणखी खुलतो. हिरव्याच्या शेजारी गुलाबी आला की डोळा दोघांतलं अंतर वाढवून दाखवतो. फरशी होती त्याहून हिरवी दिसते, भिंत होती त्याहून गुलाबी. पहिला रंग तुमच्या फरशीवर उभा राहिला तर स्कर्टिंगच्या वरची भिंत मेडिकलमध्ये जखमेवर लावायला मिळणाऱ्या चिकटपट्टीसारखी दिसेल. दुसऱ्या रंगात हिरव्याचा अंश आधीच आहे. त्यामुळे तो फरशीशी भांडत नाही, तिच्यातूनच वर आल्यासारखा वाटतो.

डोळ्याची ही खोड पहिल्यांदा नीट मांडली ती रंगाईतल्याच एका माणसाने, याचा मला फार अभिमान वाटतो. पॅरिसला गोबेलँ नावाचा गालिचे आणि भिंतपडदे विणणारा सरकारी कारखाना आहे. तिथल्या रंगाई विभागाची जबाबदारी १८२४ मध्ये मिशेल यूजीन शेवरल या रसायनशास्त्रज्ञाकडे आली. विणकरांची तक्रार होती की काळं सूत कच्चं आहे, निळ्या-जांभळ्या भागात सावली म्हणून विणलं की काळं दिसतच नाही. त्याने ते सूत दुसरीकडच्या काळ्या सुताशी ताडून पाहिलं. रंग पक्का निघाला. दोष शेजारच्या निळ्या-जांभळ्याचा होता. मग त्याने शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना कसे बदलतात याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १८३९ मध्ये तो छापला. सोलापुरात चादर विणणाऱ्या कुणालाही ही गोष्ट सांगितली तर तो मान डोलावेल. पट्टा बदलला की शेजारचा रंग बदलल्यासारखा दिसतो, हे त्याला रोज मागावर दिसत असतं.

तुमच्याकडे कोट्याऐवजी शहाबादी असती, तर मी ह्यांच्या बाजूने बोललो असतो. आपल्याकडे, विशेषतः पूर्व भागातल्या जुन्या घरांत, कलबुर्गीजवळच्या शहाबादची फरशी आहे आणि तिचा करडा निळसर मारतो. निळ्याशेजारी पिवळट भिंत आणखी पिवळी होते. तिथे किंचित गुलाबी झाकेचा बिस्किटीच शांत दिसतो. म्हणूनच मैत्रिणीच्या घरी पाहिलेला कोड तसाच उचलून आपल्या घरी लावू नये. त्या रंगाखालची फरशी आपल्याकडे नसते.

सागवानाची काळजी करू नका, ते दोन्हींबरोबर चालतं.

उजेडाकडे मात्र थोडं थांबून बघू. उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड थंड, एकसारखा असतो असं सगळे सांगतात आणि वर्षाचा बराच काळ ते खरंही आहे. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला, जानेवारीत, तुमच्या खिडकीतून फक्त आकाशाचा निळसर उजेड येईल. पण सोलापूर साधारण १७.७ अंश अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि त्या महिन्यांत सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतून तिरपं ऊन आत येतं. त्यात आपल्याकडे उन्हाळा लागला की खिडकीत कूलर बसतो आणि अर्धी खिडकी झाकली जाते. तुमच्या खिडकीतही बसत असेल, तर हॉलला एकच एक उजेड कधी मिळतच नाही. पश्चिमेच्या दारातून संध्याकाळी तांबूस-पिवळं ऊन येतं ते वेगळंच. त्या उन्हात पहिला रंग सरळ पीच दिसेल. दुसरा सायीसारखा उबदार होईल. पाहुणे बहुतेक त्याच वेळी येतात, हेही एक कारण.

रंगाईत शेड पास करायला आमच्याकडे एक पेटी असायची. आत तीन दिवे : एक दिवसाच्या उजेडासारखा, एक दुकानातल्या ट्यूबसारखा, एक पिवळ्या बल्बचा. एका दिव्याखाली हुबेहूब जुळणाऱ्या दोन लडी दुसऱ्या दिव्याखाली फटकून वेगळ्या दिसायच्या. म्हणून तिन्हीत पास झाल्याशिवाय माल पुढे जात नसे. घरी तुम्ही सकाळी दहाच्या सुमाराला, संध्याकाळी ऊन कलल्यावर आणि रात्री दिवे लावून बघा. ती पेटी घरीच तयार झाली.

आता ट्यूब. पांढऱ्या ट्यूबवर बहुधा ६५०० केल्विन असं छापलेलं असतं. तो निळसर उजेड आहे. त्याखाली दुसरा रंग शिळा, हिरवट वाटेल, आणि माणसांचे चेहरेही तसेच. पहिलाही तिथे खुलणार नाही, थंड राखी-जांभळट होईल. दुकानात ४००० केल्विनच्या आसपासची एलईडी बॅटन मागा. २७०० किंवा ३००० ची पिवळी नको, तिने दुसरा रंग गरजेपेक्षा जास्त पिवळा होतो. खोक्यावर सीआरआय छापलेला असेल तर ९० किंवा त्यावरचा घ्या, त्यात रंग खरे दिसतात. साध्या दिव्यांत तो ८० च्या आसपास असतो. रंगकामाच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही आणि फरक पहिल्याच रात्री कळतो.

तुम्ही विचारलेले ६२ आणि ६५ म्हणजे भिंत किती उजेड परत फेकते याचं माप. ठार काळं म्हणजे शून्य, शुभ्र पांढरं म्हणजे १००. दोन्ही आकडे उजळच आहेत आणि तीनचा फरक वेगवेगळ्या भिंतींवर डोळ्याला कळणार नाही. शिवाय रंग लाल मारतो की हिरवा, हे या आकड्यातून समजतच नाही. हा आकडा उपयोगी पडतो तो ६२ आणि ४० यांत निवड करायची असेल तेव्हा.

माझ्या शब्दावर दहा लिटरचा डबा आणू नका. दोन्ही रंगांचे नमुने आणा. काही कंपन्या २०० मिलीचा डबा देतात, नाहीतर त्याच कोडचा सगळ्यात लहान डबा घ्या. नमुना थेट भिंतीवर मारायचा नाही. तुमची भिंत पिस्ता आहे, तिच्या शेजारी बिस्किटीचा चौकोन काढला की तो हमखास गुलाबी दिसणार, आणि दुसरा रंगही उगाच बदनाम होणार. दोन फूट बाय दोन फूट प्लायवूडचे किंवा जाड पुठ्ठ्याचे तुकडे घ्या. आधी प्रायमर, मग दोन हात, कडेला चार बोटं पांढरी जागा सोडायची. ओला रंग बघून काही ठरवू नका. कापड ओलं असताना गडद दिसतं आणि वाळलं की उजळतं. इमल्शनचं उलट, ते वाळल्यावर किंचित गडद होतं.

पाटी भिंतीला टेकवून उभी बघायची. आडवी ठेवली तर तिच्यावर वरचा उजेड पडतो, भिंतीवर तो तसा पडत नाही. खालची कड फरशीला टेकलेली हवी. आणि दोन्ही पाट्या शेजारी शेजारी फक्त फरक समजून घ्यायला ठेवा. निवड करायची तेव्हा एकच पाटी हॉलमध्ये ठेवा, दुसरी आतल्या खोलीत. लागताना भिंतीवर एकच रंग लागणार आहे. दिवसभर जाता-येता ती दिसू द्या, दिवाणाच्या मागे, खिडकीच्या भिंतीवर, दारासमोर. दुसऱ्या दिवशी दुसरी पाटी. ह्यांनाही असंच दाखवा. पहिली पाटी कोट्यावर टेकलेली संध्याकाळच्या उन्हात पाहिली की वेगळं काही समजावायला लागणार नाही, असं मला मनापासून वाटतं. आणि तरीही त्यांना पहिलाच आवडला, तर त्याच पट्टीवरचा आणखी एक पायरी फिकट बघा. झाक तीच राहील पण जोर कमी होईल.

छताला निळसर मारणारा शुभ्र पांढरा लावू नका. त्याच्याखाली कुठलाही बिस्किटी मळका दिसतो. पिवळ्याकडे जेमतेम झुकलेला ऑफ-व्हाइट मागा.

रंग किती लागेल तेही सांगतो. तुमच्या भिंतींची एकूण लांबी ५२ फूट, उंची १०, म्हणजे ५२० चौरस फूट. दारं-खिडक्या वजा जाता साडेचारशेच्या आतबाहेर. भिंत गुळगुळीत असेल तर दोन हातांना लिटरमागे ६०-७० चौरस फूट धरा. सात लिटर लागतील. चार-चारचे दोन डबे आणण्यापेक्षा दहाचा एक आणा, कारण एकाच कोडच्या दोन डब्यांतही थोडा फरक निघू शकतो. दोन डबे आणलेच तर सुरू करण्याआधी दोन्ही एका मोठ्या बादलीत ओतून ढवळून घ्या. टिंट केलेला रंग दुकानदार परत घेत नाही, त्यामुळे पाट्या बघून पक्कं झाल्यावरच कोड द्यायचा.

फिनिश मॅट घ्या की हलकी चमक असलेलं? धूळ आपल्याकडे बारा महिने आणि भिंत पुसावी लागणारच, म्हणून हलक्या चमकेचं धुता येणारं घ्या. पण जुन्या भिंतीला उंचसखलपणा असेल तर आधी पुट्टी आणि घासाई नीट करून घ्या. चमकेवर तिरपं ऊन पडलं की प्रत्येक खड्डा दिसतो आणि रंग जागोजागी वेगळा भासतो. साखरपुड्याच्या आधी निदान आठवडाभर घर मोकळं राहील असं काम बांधा. पेंटर घाई करेल, पण पहिला हात वाळायला डब्यावर दिलेला वेळ त्याला द्यायला लावा.

प्रश्न : आम्ही हॉलला बिस्किट कलर दिला. शेवटी थोडा रंग कमी पडला म्हणून त्याच कोडचा लहान डबा आणला. आता समोरच्या भिंतीच्या मधोमध एक पट्टा वेगळा दिसतो. दुकानदार म्हणतो कोड तोच आहे. मग चूक कुणाची?
— एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : कोड तोच असूनही असं होतं. फिकट रंगात मशीन बेसमध्ये, म्हणजे डब्यातल्या मूळ पांढऱ्या रंगात, रंगद्रव्याचे थेंबच सोडतं. लहान डब्यात तर त्याहून कमी. एखादा थेंब कमीजास्त झाला तरी बिस्किटीत तो कळतो. बेसची खेप वेगळी असेल तरी फरक येतो. आणि तोच कोड दुसऱ्या दर्जाच्या इमल्शनमध्ये बनवून दिला असेल तर चमक बदलते आणि चमक बदलली की रंग बदलल्यासारखा वाटतो. दोन्ही डब्यांवरची नावं आधी ताडून बघा.

मग पहिल्या डब्यात तळाला उरलेला रंग आणि नवा रंग, दोन्ही एकाच पुठ्ठ्यावर शेजारी मारा आणि पूर्ण वाळू द्या. तिथे फरक दिसला नाही, तर डबा निर्दोष आहे. पट्ट्याच्या जागी एकच हात बसला असेल किंवा बाकी भिंत रोलरने आणि तेवढी ब्रशने झाली असेल. त्या भिंतीवर रोलरने आणखी एक हात फिरवला की काम झालं.

पुठ्ठ्यावरही फरक दिसला तर तो पुठ्ठा घेऊन दुकानात जा. भांडण्यापेक्षा वाळलेला नमुना समोर ठेवला की बोलणं सोपं जातं. पण भिंतीच्या मधोमध पुन्हा ठिगळ लावू नका. तीच एक भिंत, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, नव्या डब्याच्या रंगाने पूर्ण करा. कोपऱ्यात दोन भिंतींवर उजेड वेगळ्या कोनातून पडतो, त्यामुळे एकाच डब्यातला रंगही तिथे वेगळा दिसतो. एवढा बारीक फरक तिथे कुणाच्या लक्षात येणार नाही. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा आणि बरणीवर कोड, इमल्शनचं नाव आणि तारीख लिहून ठेवा.